उंबरठा ओलांडणारे मांजर

डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या राष्ट्रीय पशुरोग प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूचे निदान केले. बाधित कोंबडीचे मांस खाण्यात आले असावे, असा संशय व्यक्त झाला. जानेवारी २०२५मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीरला कावळे मेले, तेही बर्ड फ्लूने. महिनाअखेरीस नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये एच५एन१ आढळला. वाघांची बातमी गाजली, मांजरांची मात्र दोन दिवसांत विरली. महागावसारख्या तालुक्यात वाघ क्वचितच दिसतो, मांजर मात्र घरोघरी आहे. म्हणून आपल्यासाठी दुसरी बातमी अधिक महत्त्वाची होती.

बर्ड फ्लू महाराष्ट्राला नवा नाही. देशातील पहिला उद्रेक २००६मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला होता. तेव्हा चिंता कोंबड्यांची होती. आता हा विषाणू सस्तन प्राण्यांतही वरचेवर सापडतो आणि मांजराच्या कुळाला तो विशेष घातक ठरतो. पोलंडमध्ये २०२३च्या उन्हाळ्यात मांजरे अचानक मरू लागली. तेथे सुरुवातीला तपासलेल्या ४७ नमुन्यांपैकी २९ बाधित निघाले. अमेरिकेत टेक्सासमधील एका गोठ्यात २०२४मध्ये आजारी गायींचे कच्चे दूध प्यायलेली निम्म्याहून अधिक मांजरे मेली. मेलेला पक्षी, कच्चे मांस, न तापवलेले दूध हे मांजरापर्यंत रोग पोहोचण्याचे मार्ग आहेत आणि हे तिन्ही आपल्या गावात सहज उपलब्ध आहेत.

घाबरून मांजर घराबाहेर काढण्याचे मात्र कारण नाही. मांजराकडून माणसाला बर्ड फ्लू होण्याचा धोका आजघडीला कमी आहे. आपल्याकडे मांजराच्या बाहेर फिरण्यातून येणारा खरा आणि जुना धोका वेगळाच आहे, तो म्हणजे रेबीज.

रेबीज म्हटले की डोळ्यांसमोर पिसाळलेला कुत्राच येतो. केंद्र सरकारने २०२१मध्ये जाहीर केलेला २०३०पर्यंतचा राष्ट्रीय आराखडाही कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजच्या निर्मूलनाचाच आहे. तो योग्यच आहे, कारण माणसाला होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्याकडूनच येतो. पण त्याच कुत्र्याने रात्री गोठ्यामागे मांजराला धरले, मांजर कसेबसे सुटून घरी आले आणि काही आठवड्यांनी पिसाळले, तर? ते कुत्र्यासारखे रस्त्यावर नसते. ते लेकरांच्या अंथरुणात असते. कुत्रा चावला की लोक धावत दवाखान्यात येतात. मांजराने ओरबाडले की हळद लावून कामाला लागतात. फरक इथेच पडतो. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही, आणि वेळेत उपचार घेतले तर रोग जवळपास निश्चित टळतो.

म्हणून मांजराचा दात किंवा नख लागले तर आधी नळाखाली साबणाने जखम १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. मग त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. लस तेथे मोफत मिळते. कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण ते दहा दिवस उलटण्याची वाट पाहत लस लांबवायची नसते.

आता मांजराविषयी. आपल्याकडे ते हौसेपेक्षा धान्यावरच्या उंदरांसाठी पाळले जाते. त्यामुळे त्याला कायम कोंडून ठेवा, हा शहरी सल्ला येथे चालणार नाही. पण रात्र घरात काढण्याची सवय लावता येते. जेवण रोज दिवेलागणीलाच आणि घरातच द्या, म्हणजे ते त्या वेळेला आपणहून परतते. कुत्र्यांशी गाठ, बोक्यांची भांडणे आणि महागाववरून जाणाऱ्या नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे अपघात, हे सारे अंधारात वाढते. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्या आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी. बोक्याची नसबंदी केली की त्याचे भटकणे आणि भांडणे दोन्ही कमी होतात.

कोंबडीची आतडी-पिसे मांजरापुढे टाकू नका. मांस शिजवून, दूध उकळून द्या. मेलेला पक्षी त्याने आणला तर उघड्या हाताने उचलू नका, आणि एकाच वेळी बरेच पक्षी मेलेले दिसले तर पशुसंवर्धन विभागाला कळवा. घरात उंदीर मारण्याचे औषध आणि मांजर एकत्र ठेवू नका. काही औषधांनी मेलेला उंदीर खाल्ला तर मांजरालाही विष चढते. फवारणीच्या दिवसांत ते शेतातून आले तर अंग पुसून घ्या, कारण ते अंग चाटूनच साफ करते. आणि आजारी मांजराला घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. माणसाला उतार देणारी ती गोळी मांजराचा जीव घेते.

कुत्र्यांसाठी न्यायालयाचे आदेश आहेत, नियम आहेत, आराखडे आहेत. मांजर मात्र कोणाच्याच यादीत ठळकपणे नाही. कुत्र्यांच्या लसीकरणाच्या शिबिरातच ग्रामपंचायतीने घरोघरच्या मांजरांनाही बोलावले, तर वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. पशुवैद्यक तोच, लसही तीच. फक्त दवंडीत एक शब्द वाढवायचा आहे.