पहिलीचें मूल आणि घरचीं माणसें

रोहिणी सरून मृग लागला कीं पुण्यामुंबईकडील मुलें दप्तरें पाठीस लावून शाळेच्या वाटेस लागतात. आम्हां नागपूरकरांच्या मुलांस मात्र आणखी आठपंधरा दिवसांची सवलत मिळते. ही कृपा शिक्षणखात्याची नसून सूर्यनारायणाची आहे. २०२५ सालीं इतर महाराष्ट्रांतील शाळा १६ जून रोजीं उघडल्या, विदर्भांतील २३ जून रोजीं. त्याच्या आदल्या वर्षीं तर आम्हांस १ जुलैची वाट पाहावी लागली होती. या मधल्या दिवसांत महालांतील आमच्या गल्लींत दिसणारें दृश्य प्रतिवर्षीं तेंच असतें. वह्यांवर तपकिरी कागद चढत असतात, डबा कोणत्या रंगाचा घ्यावा यावर रडारड चालू असते, आणि ज्या घरचें मूल यंदां पहिलींत जावयाचें त्या घरीं मुलाखेरीज सर्वांस परीक्षेचा ज्वर चढलेला असतो.

या सदराच्या एका वाचक भगिनीनें पत्रानें विचारिलें आहे कीं, “मुलगा पहिलींत जात आहे, शाळेनें नियमांचें एक पुस्तक दिलें आहे, तें वाचून जीव दडपला, घरच्या माणसांनीं नेमकें काय करावें?” उत्तर लिहावयास बसलों खरा, परंतु दोन गोष्टी मनांत आड आल्या. त्या सांगितल्यावांचून मला पुढें जातां येणार नाहीं.

आमच्या गल्लींत भाजीची हातगाडी घेऊन येणारी एक बाई आहे. तिच्या मुलास दोन वर्षांपूर्वीं एका खासगी इंग्रजी शाळेंत पहिलींत जागा मिळाली. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या बाराव्या कलमानें विनाअनुदानित शाळांसहि पहिलींतील निदान चौथा हिस्सा जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांस द्याव्या लागतात. त्या सोडतींत त्याचें नांव निघालें. बाईनें त्या दिवशीं गल्लींत पेढे वांटले. ऑगस्टांत एके सकाळीं ती भाजी देण्यासाठीं नव्हे, तर एक पुस्तिका घेऊन आमच्या ओटीवर आली. पोरास वर्गाबाहेर उभें केलें होतें. कारण काय, तर रोजनिशीवर पालकाची सही नऊ दिवस नव्हती.

“तुला सही येत नाहीं का?” मी विचारिलें.

“सही येते जी मले, गुरुजी. पण कुठं करू, थे कोन सांगन?”

पुस्तिका चौदा पानांची, सगळी इंग्रजींत. माझें इंग्रजी जुन्या मॅट्रिकपुरतें, म्हणून नातीस शेजारीं बसवून ती अथपासून इतिपर्यंत वाचली. एकंदर नियम एकतीस. त्यांत सहा वर्षांच्या बालकानें स्वतः पाळावे असे मला चारच आढळले: रांगेंत चालावें, दुसऱ्यास मारूं नये, बोलण्यापूर्वीं हात वर करावा, आणि डबा खाल्ल्यावर हात धुवावे. उरलेले सत्तावीस त्याच्या आईबापांचे. गणवेश कोणी धुवावयाचा, नखें कोणी कापावयाचीं, वेळेवर कोणी आणून सोडावयाचें, सूचना कोणी वाचावयाची? नियम पालकांस आणि शिक्षा मात्र बालकास, असा हा व्यवहार आहे. आणि मीहि आयुष्यभर तोच केला.

ती दुसरी गोष्ट. १९८० नंतरच्या दशकांतील. मी तरुण होतों, पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता, आणि आमच्या शाळेचा दरवाजा प्रार्थनेची घंटा झाली कीं बंद होत असे. उशिरा येणारा बाहेर; तिसऱ्या खेपेस सरळ घरीं. एक मुलगा नेहमीं उशिरा येई. त्यास मी नियमाप्रमाणें घरीं पाठविला, दोनतीनदां नव्हे, पुष्कळदां. दिवाळीनंतर तो आलाच नाहीं. त्याची आई चार घरीं भांडीं घासावयास पहाटे जाई, आणि मोठी बहीण पाणी भरून येईपर्यंत तान्ह्या भावाजवळ हाच बसून राही, हें मला पुढें मार्चांत एका सहकाऱ्याकडून कळलें. मी घरीं जाऊन चौकशी केली असती तर ऑक्टोबरांतच कळलें असतें. घर शाळेपासून पांच मिनिटांच्या वाटेवर होतें. मी गेलों तेव्हां बिऱ्हाड उठून गेलें होतें. हजेरीपटांत त्याच्या नांवावर तांबड्या शाईची रेघ मींच ओढली व पुढें ‘नांव कमी केलें’ असें लिहिलें. माझें अक्षर चांगलें आहे. ती रेघहि मोठी सरळ आली होती.

त्या काळीं आम्हां शिक्षकांस एका प्रसिद्ध सुभाषिताचा फार आधार वाटे. पांच वर्षें लाड करावे, पुढील दहा वर्षें ताडन करावें, सोळाव्या वर्षीं मित्रासारखें वागावें, हा त्याचा भावार्थ सर्वांस ठाऊक आहे. पहिलीचें मूल सहा वर्षांचें, म्हणजे नेमकें ताडनाच्या उंबरठ्यावर! पाठशाळेंत शिकलेल्या मला हें गणित फार सोयीचें होतें. परंतु त्याच परंपरेंत कौटिल्यानें चौल झाल्यावर मुलास लिपि व अंक शिकवावे एवढेंच सांगितलें आहे. तेथें दंडाचा उल्लेख नाहीं. आणि रघूच्या अक्षरओळखीचें वर्णन करतांना कालिदासास नदीच्या मुखानें समुद्रांत शिरण्याची उपमा सुचली. आम्हीं त्या मुखावरच दार लावून घेत होतों.

आतां कायदा काय म्हणतो तें सांगतों, कारण सुशिक्षित घरांतहि तो फारसा कोणी वाचलेला दिसत नाहीं. १ एप्रिल २०१० पासून हा शिक्षणहक्क कायदा अमलांत आला. त्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंसहि बंदी आहे. दाराबाहेर उभें करणें हें दुसऱ्यांत मोडत नाहीं असें म्हणणारानें स्वतः तासभर उभें राहून पाहावें. तेराव्या कलमानें प्रवेशाच्या वेळीं मुलाची किंवा आईबापांची चाळणीपरीक्षा घेतां येत नाहीं. घेतल्यास पहिल्या अपराधास पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. आणि चोविसाव्या कलमांत शिक्षकाच्या कर्तव्यांत एक असें आहे कीं, त्यानें पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची शक्ति आणि प्रगति यांविषयीं त्यांस माहिती द्यावी. सांगण्याचा भार शिक्षकावर आहे. ज्या भाषेंत पालकास कळत नाहीं त्या भाषेंत छापून देणें म्हणजे सांगणें नव्हे.

गृहपाठाविषयीं भगिनींनीं विशेष विचारिलें आहे. २०२० च्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणांत पहिली-दुसरीस गृहपाठ नसावा आणि दप्तराचें वजन १.६ ते २.२ किलोपर्यंत असावें असें म्हटलें आहे. मूळ तत्त्व असें कीं, ओझें मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावें. आमच्या नातीचें दप्तर मी स्वयंपाकघरांतील तराजूवर ठेवून पाहिलें तों साडेतीन किलो भरलें. उघडून पाहिलें. शाळेनें मागितलेलें त्यांत दोन किलोंचें होतें. बाकीचें सूनबाईंनीं ‘असूं द्या’ म्हणून घातलेलें! तेव्हां सर्वच दोष शाळेच्या माथीं मारण्यांत अर्थ नाहीं.

घरच्या माणसांनीं काय करावें, तर पहिली गोष्ट म्हणजे अक्षरांची घाई करूं नये. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे पहिली ही बालवाडीची धाकटी बहीण नसून तिचीच पुढची पायरी आहे. बोटांत बळ येण्यापूर्वीं पेन्सिल दिली कीं मूल ती मुठींत धरतें, आणि ती मूठ सोडविण्यास पुढें वर्ष लागतें. त्यापेक्षां शेंगा सोलावयास बसवावें, कणकेच्या गोळ्या करूं द्याव्या, तान्ह्या पोळ्याच्या लांकडी बैलास त्यानेंच रंगवावें. भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें आणि त्यांच्यासमवेत काम करून ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ उभारला. हाताचें काम हेंच अक्षराचें पूर्वकाम, हें त्या उभयतांनीं किती परीनें सांगितलें! आपल्याकडे अजून ‘बालवाडींत हजारापर्यंत अंक लिहितो’ हें कौतुकानें सांगितलें जातें.

दुसरें, डबा. यावर मी एक स्वतंत्र लेख लिहूं शकेन. पस्तीस वर्षांत मधल्या सुटींत मी जितके डबे उघडून दिले तितकीं पुस्तकें उघडलीं नसतील. मुलाच्या बोटांनीं जो उघडत नाहीं तो डबा, आणि जी लागत नाहीं ती गुंडी, त्यास देऊं नये. पोळीभाजीचे तुकडे करून द्यावे. शौचास जावयाचें आहे हें अनोळखी माणसास सांगतां येणें ही पहिलीची खरी प्रवेशपरीक्षा. ती घरींच उत्तीर्ण करून पाठवावें. मुलें लाजेनें तीन तीन तास अंग आखडून बसतात आणि आम्हांस वाटतें कीं त्यांचें गणिताकडे लक्ष नाहीं.

झोंपेविषयीं सरकारनेंहि लक्ष घातलें आहे: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नवाच्या आंत भरवूं नयेत असा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्यें झाला. पण रात्रीं अकरापर्यंत मूल मोबाइलपुढें बसत असेल तर शासननिर्णय काय करील?

घरांत कांहीं घडलें असेल, आजारपण, मृत्यु, नवें भावंड, बापाची बदली, तर शिक्षकास दोन ओळी लिहून कळवावें. हें कोणी करीत नाहीं. आपल्या सुविद्य घरांतून तर मुळींच नाहीं. ‘घरची गोष्ट बाहेर कशाला’ असें म्हणतात. आजोबा गेल्यानंतर पंधरा दिवस एक मुलगी वहींत एकच काळा चौकोन काढीत होती, आणि मी तिला चित्रकलेंत कच्ची ठरविली होती.

आणि घरीं बोलावें तें आपल्या भाषेंत. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासननिर्णय १६ एप्रिल २०२५ रोजीं निघाला, १७ जून रोजीं बदलला, आणि २९ जून रोजीं दोन्ही निर्णय मागें घेतले गेले. तेवढ्या दहा आठवड्यांत किती शाई खर्च झाली! आमच्या नागपुरांतील मूल हिंदी गल्लींत गोट्या खेळतांना शिकतें, त्यास राजाज्ञा लागत नाहीं. भीति त्याची नाहीं. भीति ही कीं, इंग्रजी शाळेच्या धास्तीनें आई स्वतःच अर्धवट इंग्रजींत ‘ईट कर, वॉश कर’ म्हणूं लागते आणि मुलाजवळ एकहि भाषा पुरी राहत नाहीं. गोष्ट सांगावी ती मराठींत, रागवावें तेंहि मराठींत.

एक हिशेब पाहा. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीस वर्षांत निदान दोनशें दिवस व आठशें तास अध्यापन व्हावें. वर्षाचे तास आठ हजार सातशें साठ. म्हणजे या हिशेबानें दहावा हिस्साहि शाळेकडे येत नाहीं. पालक म्हणतात, शाळेनें शिस्त लावावी; शाळा म्हणते, पालकांनीं लावावी. मधल्या मध्यें मूल उभें राहतें, पुष्कळदां दाराबाहेर.

भाजीवाल्या बाईचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. मी तिच्या नांवें मराठींत एक अर्ज लिहून दिला, चोविसाव्या कलमाचा उल्लेख करून, भांडणाचा एकहि शब्द न घालतां. ती एकटी जावयास भिऊं लागली म्हणून मी बरोबर गेलों. वर्गशिक्षिका पंचविशींतली मुलगी. तिच्या वर्गांत पंचेचाळीस मुलें. तिचा चेहरा पाहून मला माझाच तरुणपणचा चेहरा आठवला. “सर, नियम मीं केलेला नाहीं. सह्या नसल्या तर मला विचारतात,” ती म्हणाली. मग आम्हीं तिघांनीं मिळून एक तोड काढली. जेथें सही हवी तेथें शिक्षिकेनें तांबडें वर्तुळ काढावें. बाईनें त्या वर्तुळांत सही करावी. आणि वर्तुळाबाहेर काय लिहिलें आहे तें शनिवारीं फाटकापाशीं तिला तोंडीं सांगावें. तांबड्या शाईचा हा उपयोग मला त्या वयांत सुचला असता तर!

फाटकापाशीं सांगणें दोन आठवडे चाललें, मग शिक्षिकेस वेळ होईना. तेव्हां त्याच वर्गांतील एका मुलाची आई, आपल्यासारख्याच घरची, सूचना वाचून सांगूं लागली; आणि मग ती एकीलाच नव्हे, चौघीजणींना सांगूं लागली. सरकारी शाळांत शाळापूर्व तयारीचे मेळावे २०२२ पासून भरूं लागले, त्यांत गल्लीगल्लींतून मातांचे गट करण्याची कल्पना होती. येथें तो गट मेळाव्यावांचूनच जमला. ज्यांच्या घरीं वाचणारीं माणसें आहेत त्यांस नियमांचें पुस्तक जाचत नाहीं, म्हणून त्यांस तें दिसतहि नाहीं. आमच्या वाचक भगिनींनीं यंदां शाळेच्या फाटकापाशीं उभें असतांना आजूबाजूस एकदां पाहावें एवढीच विनंति.

मुलगा आतां तिसरींत गेला. त्याच शाळेची पहिलीची यंदांची पुस्तिका परवां एका शेजाऱ्याकडे पाहावयास मिळाली. ती अजून इंग्रजींतच आहे, आणि नियम बत्तीस झाले आहेत.

डावखुऱ्या मुलास उजव्या हातानें लिहावयास लावावें काय, असें अमरावतीच्या एका आजोबांनीं विचारिलें आहे. त्याचें उत्तर पुढील अंकीं. तोंवर त्यांनीं नातवाच्या हातांतून पेन्सिल काढून घेऊं नये.