जबड्याला सुई टोचण्यापूर्वी

आपल्या भागात डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला सुई मिळाली नाही, तर फी वाया गेली असे वाटते. नारायणगडाच्या परिसरात सत्तावीस वर्षे दवाखाना चालवतो आहे. "डॉक्टर साहेब, गोळ्या राहू द्या, एक सुई मारा" हे वाक्य ऐकले नाही असा दिवस क्वचितच जातो. ताप असो, अशक्तपणा असो की कंबरदुखी, सुई म्हणजे खरा इलाज, बाकी सारे वरवरचे, ही समजूत पक्की आहे. तिच्यात आता एका नव्या सुईची भर पडली आहे. ती म्हणजे जबड्याची सुई.

गेल्या लग्नसराईत एका मुलीला घेऊन तिची आत्या आली. मुलगी पदवीधर, प्रकृतीने ठणठणीत. तक्रार एवढीच की, पाहुण्यांनी "मुलीचा चेहरा खाली रुंद आहे" असे बोलून दाखवले. मोबाइलवर जाहिरात पाहिलेली. शहरातल्या एका ब्युटी पार्लरमध्ये चेहरा निमुळता करण्याची सुई मिळते म्हणे, ती घ्यावी का? त्याच आठवड्यात एक तरुण आला. त्याचा जबडा आखडला होता, तोंड नीट उघडत नव्हते. त्यालाही कोणीतरी सांगितले होते की, जबडा सैल करणारी सुई निघाली आहे. दोघांना सांगितलेली सुई एकच, बोटॉक्सची. दोघांचे प्रश्न मात्र अगदी वेगळे. म्हणून या आठवड्यात याच विषयावर बोलू.

बोटॉक्स हे व्यापारी नाव. मूळ द्रव्य म्हणजे बोट्युलिनम नावाचे, एका जिवाणूने तयार केलेले विष. जर्मनीत १८२०च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या डॉक्टराने खराब झालेल्या मांसाच्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे बारकाईने वर्णन केले. पुढे १८९५ साली बेल्जियममधील एका गावात अंत्यविधीच्या जेवणात वाढलेल्या मांसातून अशीच विषबाधा झाली आणि एमिल व्हॅन एरमेंगेम यांनी त्यामागचा जिवाणू शोधून काढला. आपल्याला परिचित असलेल्या धनुर्वाताच्या जिवाणूचा हा जवळचा नातलग. गंमत पाहा, धनुर्वाताच्या विषाने स्नायू ताठरतात आणि दातखीळ बसते. तर याच्या विषाने स्नायू लुळे पडतात. नस स्नायूला जो रासायनिक निरोप देते, तो निरोपच हे विष अडवून धरते.

विषाचेही औषध होते, मात्रा योग्य हवी. अमेरिकेतील डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर त्याचा उपयोग केला आणि १९८९ मध्ये तिकडच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांच्या आचक्यांसाठी त्याला मान्यता दिली. २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी आणि २०१० मध्ये जुनाट अर्धशिशीसाठी मान्यता मिळाली. जबड्याच्या वाढलेल्या स्नायूवर हे औषध वापरल्याचे पहिले अहवाल १९९४ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी दिले. पुढे कोरियासारख्या देशांत चेहरा निमुळता करण्यासाठी त्याचा मोठा प्रसार झाला. म्हणजे औषध खोटे नाही. जंतरमंतर तर नाहीच नाही. प्रश्न आहे तो कोणाला, कशासाठी आणि कोणाच्या हातून, हा.

वाचकहो, दोन्ही हातांची बोटे कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली जो टणक गोळा उठतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू. पैलवानाच्या मांड्या जशा भरतात, तसा हा स्नायूही सतत कामाने जाड होतो. झोपेत दात खाणारे, दिवसभर सुपारी चघळणारे यांच्यात तो विशेष फुगलेला दिसतो. त्यात औषध टोचले की, काही दिवसांत त्याचा जोर कमी होतो. काम कमी झाल्याने तो हळूहळू रोडावतो आणि सहा ते आठ आठवड्यांत चेहऱ्यात फरक दिसू लागतो. पण साधारण चार ते सहा महिन्यांत नस पुन्हा निरोप देऊ लागते आणि स्नायू पूर्ववत होतो. मग पुन्हा सुई, पुन्हा काही हजार रुपये. जाहिरातीत ही दुसरी आणि तिसरी सुई सहसा दिसत नाही.

शिवाय चेहरा रुंद असण्याचे कारण स्नायूच असेल, असेही नाही. हाड रुंद असेल तर या सुईने ते तसूभरही कमी होत नाही. लाळेच्या ग्रंथी सुजल्या असतील, गालात चरबी असेल, तर उपाय निराळा. आणि एकाच बाजूचा जबडा वाढू लागला असेल, तर तो सौंदर्याचा विषय नव्हेच. त्याची तपासणी आधी झाली पाहिजे. आत्याबाईंच्या भाचीला मी दात आवळायला लावले. स्नायू बेताचाच होता. रुंद होते ते हाड, तिच्या वडिलांकडून आलेले. या मुलीला सुई देऊन काय साधले असते? चावण्याची ताकद तेवढी गेली असती.

इथे एक स्पष्ट मत मांडतो. काहींना रुचणार नाही. सज्ञान, कमावत्या स्त्रीने किंवा पुरुषाने सारे समजून-उमजून स्वतःच्या हौसेसाठी असा उपचार घेतला, तर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार कोणाला नाही. पण पाहुण्यांच्या एका शब्दावर घरच्यांनी धडधाकट मुलीला सुईपुढे बसवणे ही हौस नव्हे, ती जुलूम-जबरदस्ती आहे. हुंडा कायद्याने बंद झाला म्हणता म्हणता तो निरनिराळी रूपे घेऊन येतो. चेहरा दुरुस्त करून द्या, हे त्यांतलेच एक रूप समजावे. ज्या घराला मुलीचा जबडा खुपतो, त्या घरात उद्या तिचे आणखी काय काय खुपेल, याचा विचार आई-वडिलांनी करावा.

आता दुखण्याकडे वळू. कानाच्या पुढे, तोंड उघडताना जिथे हालचाल लागते, तिथे जबड्याचा सांधा आहे. दात खाणे, मानसिक ताण, एकाच बाजूने चावणे, दाताने ऊस सोलणे, मोठी जांभई यांमुळे हा सांधा आणि भोवतीचे स्नायू दुखतात. कट्कट् आवाज येतो. पण जबडा दुखण्याची कारणे इथेच संपत नाहीत. अक्कलदाढ, किडलेला दात, कानाचा विकार, चेहऱ्याच्या नसेची विजेसारखी कळ ही कारणे असतातच. आणि गडाचा चढ चढताना खालचा जबडा भरून येतो, थांबले की बरे वाटते, असे पन्नाशीतील माणूस सांगू लागला, तर मी दातांकडे पाहण्याआधी हृदयाचा आलेख काढतो. अशा माणसाच्या जबड्याला सुई टोचली तर काय होईल, ते सांगायला नको.

खुद्द सांध्याच्या जुनाट दुखण्यातही सुईचा मान फार वरचा नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नल या नामांकित नियतकालिकाने डिसेंबर २०२३ मध्ये यासंबंधी तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले उपचार, मनावरचा ताण हाताळायला शिकवणे आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांना पुढचे स्थान दिले आहे. बोट्युलिनमची सुई सर्वसाधारणपणे देऊ नये, अशा उपचारांच्या यादीत आहे. काही निवडक रुग्णांना, उदाहरणार्थ जबड्याचे स्नायू आपोआप आकसण्याचा मज्जाविकार असणाऱ्यांना, तिचा चांगला उपयोग होतो. पण ती निवड तज्ज्ञाने करायची असते, जाहिरातीने नव्हे.

दवाखान्यात आलेला तो तरुण मात्र या कोणत्याच प्रकारात बसत नव्हता. त्याच्या खिशात पुडी होती. तिखट लागले की तोंडाची आग होते, असे तो म्हणाला. गालाची आतली बाजू पांढुरकी, चामड्यासारखी ताठ झालेली. दातांमध्ये दोन बोटेही जात नव्हती. सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली ताठर तंतू तयार होतात आणि तोंड हळूहळू बंद होत जाते. यात दोष स्नायूचा नसतो, त्यामुळे स्नायू लुळा करून तोंड उघडत नाही. वेळ मात्र जातो, आणि हा वेळ फार महागाचा आहे; कारण याच विकारातून पुढे काहींना तोंडाचा कर्करोग होतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नि:संदिग्धपणे म्हटले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. बंदी कागदावर आहे आणि पुडी खिशात आहे, हे कोणत्याही गावातल्या टपरीवर दिसते.

कारण न विचारता केलेल्या इलाजाची किंमत आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पोट दुखते, अंगावरून जाते, कामावर खाडा पडतो. मग पिशवीच काढून टाका! दुखते का, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. जबड्याची सुई त्या शस्त्रक्रियेएवढी गंभीर नाही, हे मान्य. पण घाई तीच, आणि भाबडेपणाही तोच.

आणि सुई अगदी निर्धोकही नाही. नको त्या स्नायूत औषध उतरले तर हसताना तोंड वाकडे होते, गाल ओघळतो, चावताना लवकर थकवा येतो. क्वचित औषध दूरवर पसरून गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. म्हणूनच २००९ पासून अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर ठळक इशारा छापावा लागतो. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच स्नायूदौर्बल्याचा आजार असणाऱ्यांनी ही सुई टाळावी. जेंटामायसिन, अमिकासिन ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी इंजेक्शने चालू असतील तर तिचा परिणाम वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांना तसे सांगावे. औषध थंड साखळीत ठेवावे लागते. आपल्याकडची वीज किती वेळ असते, हे आपण जाणतोच. बनावट मालाचा धोका तर श्रीमंत देशांतही आहे. २०२४ साली अमेरिकेत अकरा राज्यांतील २२ जणांना बनावट किंवा अयोग्य रीतीने दिलेल्या अशा सुईमुळे त्रास झाला आणि त्यांतील ११ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कित्येकांना सुई देणाऱ्याकडे परवानाच नव्हता, आणि सुई दिली होती ती घरी किंवा स्पामध्ये!

म्हणून सुई घ्यायचीच असेल तर चार प्रश्न विचारा. देणाऱ्याचे शिक्षण आणि नोंदणी काय? माझा जबडा रुंद आहे किंवा दुखतो तो नेमका कशाने? बाटली माझ्यासमोर उघडणार का, तिच्यावरील नाव, क्रमांक आणि मुदत चिठ्ठीवर लिहून देणार का? आणि त्रास झाला तर रात्री कोणाकडे यायचे? यांतल्या एकाचेही उत्तर टाळले गेले, तर उठून घरी यावे. अर्धवट शिक्षणावर अशी कामे करणाऱ्यांना आवर घालणे हे प्रशासनाचे काम आहे. पार्लरमध्ये औषधी सुया देणे चालू असेल तर तक्रार झालीच पाहिजे.

दुखणाऱ्या जबड्यासाठी घरचे उपाय साधे आहेत. आठ-पंधरा दिवस मऊ जेवण घ्यावे, भाकरी आमटीत कुस्करून खावी. फुटाणे, ऊस, सुपारी बंद. दिवसातून दोन-तीनदा कोमट शेक द्यावा. जांभई देताना हनुवटीखाली हात धरावा. ओठ मिटलेले पण दात सुटे, ही सवय लावावी. जेवताना सोडून एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना लागण्याचे कारण नाही. एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. न पडल्यास दंतवैद्याला दाखवावे. गरज पडल्यास अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहेच.

शेवटी एक काम सांगतो, त्याला पैसा लागत नाही. आज जेवणे झाल्यावर घरातील प्रत्येकाला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटे, एकावर एक अशी उभी, पुढच्या दातांमध्ये घालायला लावा. पोरांनाही सोडू नका. पुडी आता शाळेच्या दप्तरापर्यंत पोचली आहे. ज्याची तीन बोटे जात नाहीत, त्याला रागावू नका, मारू नका. त्याची पुडी काढून घ्या आणि उद्या सकाळीच दवाखान्यात आणा.