पोरावर कारवाई म्हणतात? आधी कागद मागा



कापसाची गाडी काट्यावर चढली की नजर काट्यावरून हलवायची नाही, हे आपल्याला कोणाला शिकवावे लागत नाही. ग्रेडरने कवडी आहे म्हणून भाव पाडला, तर कुठे आहे ती दाखव, असे आपण म्हणतोच. फेरफाराची नोटीस निघाली की पंधरा दिवसांत हरकत घालायची आणि मंडळ अधिकाऱ्याचा निकाल पटला नाही तर प्रांताकडे अपील करायचे, हे गावातला शाळा न शिकलेला म्हातारासुद्धा सांगतो. पण तोच माणूस कॉलेजातून फोन आला, "तुमच्या मुलावर कारवाई होणार आहे, उद्या येऊन भेटा," की उभ्या उभ्या गळतो. रात्रीची एस.टी. धरतो, सकाळी प्राचार्यांच्या खोलीबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहतो आणि पुढे येईल त्या कागदावर सही करून परततो.

आमचे म्हणणे असे, की जमिनीच्या नोटिशीला जसा कायदा आहे तसा पोराच्या नोटिशीलाही आहे. तो आईबापांना माहीत नाही, म्हणून ते पाया पडतात.

पुणे-लोणावळा लोकलवर तळेगावच्या अलीकडे घोरावाडी नावाचे लहानसे स्टेशन आहे. मावळचा हा मुलूख भाताचा. पण तळेगावच्या बाजूला कॉलेजे झाली आणि कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या पट्ट्यातली पोरेही तिकडे खोली करून राहू लागली. यवतमाळहून किंवा परभणीहून तिथे पोचायला आख्खी रात्र जाते. तिथे आपले गणगोत नाही, ओळखीचा वकील नाही. पोराचे एक वर्ष बुडाले तर फी, खोलीभाडे आणि मेस मिळून एका हंगामाचा कापूस जातो. म्हणून ही माहिती फोन येण्याआधी घरात असली पाहिजे.

पहिली गोष्ट शब्दांची. चौकशी चालू असेपर्यंत वर्गात येऊ नको म्हणणे हे निलंबन. ती शिक्षा नव्हे, निदान कागदावर तरी नव्हे. काही सत्रांसाठी कॉलेजातून काढणे म्हणजे रस्टिकेशन आणि कायमचे काढणे म्हणजे हकालपट्टी. फोनवर तिन्हींसाठी एकच शब्द येतो, "काढून टाकले". तेव्हा नेमके काय केले, कोणत्या तारखेच्या आदेशाने केले आणि कोणत्या नियमाखाली केले, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तर लेखी मागावे.

दुसरी गोष्ट सुनावणीची. आरोप काय आहे हे पोराला कळले पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि ज्याने आरोप केला त्यानेच निवाडा करता कामा नये. यालाच नैसर्गिक न्याय म्हणतात. उत्तर प्रदेशच्या बोर्डाने १९५४ च्या इंटर परीक्षेत पास झालेल्या काही विद्यार्थ्यांचा निकाल गैरप्रकाराच्या आरोपावरून रद्द केला आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही बंदी घातली. आधी त्यांना एका शब्दाने विचारले नव्हते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पोराच्या आयुष्यावर असा परिणाम करणाऱ्या निर्णयाआधी त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. मात्र आख्ख्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाली असेल तर एकेका विद्यार्थ्याला बोलावण्याची गरज नाही, असेही याच न्यायालयाने १९७० मध्ये बिहारच्या प्रकरणात म्हटले. दोन्ही बाजू माहीत असाव्यात.

हा जुना कायदा आजही मोडला जातो. मे २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरविषयीचा दुसऱ्याचा मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठवला, लगेच काढून टाकला आणि माफीही मागितली. तरी कॉलेजने तिचे म्हणणे न ऐकता तिला रस्टिकेट केले, पोलिसांनी अटक केली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडायला सांगितले, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू द्या म्हणाले. तोवर परीक्षा सुरू झालेली होती. तिने लिहिलेले आपल्याला पटो वा न पटो, प्रश्न तो नाही. न ऐकता काढले, हा प्रश्न आहे. उद्या आपल्या पोराच्या बाबतीतही तोच असेल.

कोर्टाचा रस्ता सोपा आहे असेही आम्ही सांगत नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये एका दलित संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा झाल्या तेवढ्या काळापुरती केली. म्हणजे दाद मिळाली, पण वर्ष गेलेच. म्हणून कॉलेजच्या आत असलेल्या पायऱ्या आधी वापराव्यात.

त्या पायऱ्या आरोपाप्रमाणे बदलतात. परीक्षेतल्या गैरप्रकाराचा आरोप असेल तर चौकशी विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाने नेमलेली समिती करते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात ती सांगितली आहे. वर्गावरचा मास्तर शिक्षा ठरवू शकत नाही. तिथे पोराने स्वतः हजर राहून लेखी म्हणणे द्यावे. न गेल्यास त्याच्या माघारी निर्णय होऊ शकतो.

आरोप रॅगिंगचा असेल तर मामला फार गंभीर. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. कोर्टात गुन्हा शाबीत झाल्यास पोराला काढून टाकतात आणि पुढे पाच वर्षे दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आणि तथ्य दिसल्यास पोराला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे रॅगिंग करणार नाही असे प्रतिज्ञापत्र पोरगा देतो, तसेच आईबापही देतात. प्रवेशाच्या गर्दीत, खिडकीवर, न वाचता आपण सही केली ती त्याचीच. तो कागद काढून पोरासमोर मोठ्याने वाचावा. याच नियमांत संलग्न कॉलेजच्या शिक्षेविरुद्ध कुलगुरूंकडे अपील ठेवले आहे. आणि आपलेच पोर छळ सोसत असेल, तर १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते.

पोरीला कोणी त्रास दिला तर अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार द्यावी. २०१३ च्या कायद्याने तिला नव्वद दिवसांत चौकशी संपवावी लागते. "बोभाटा नको, पोरीला घरी न्या," हा सल्ला ऐकू नका. तिचे शिक्षण तुटते आणि त्रास देणारा वर्गात बसून राहतो.

फीसाठी मूळ कागद अडवणे, शिष्यवृत्ती न देणे, निकाल रखडवणे यांसाठी २०२३ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठावर लोकपाल ठेवला आहे. समितीने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे जायचे.

आता दोन कडू गोष्टी. पोरगा अठरा वर्षांचा झाला की चौकशीत पक्षकार तो, आपण नव्हे. नोटीस त्याच्या नावाने येते, उत्तर त्यानेच द्यायचे. आपण शेजारी बसून खरे काय घडले ते शांतपणे विचारायचे. मारहाण केली तर पोरगा खोटे बोलेल आणि समितीपुढेही तेच खोटे सांगेल. चूक झाली असेल तर ती कबूल करून शिक्षा कमी करा म्हणावे. पहिली चूक, आधीचे वर्तन, जवळ आलेली परीक्षा, हे सगळे लिहिता येते.

दुसरी गोष्ट माफीनाम्याची. "एवढी सही करा, प्रकरण मिटेल," असे सांगून पुढे केलेला कागद हा कबुलीजबाब असतो. पुढे अपिलात तोच आपल्या अंगावर येतो. कोऱ्या कागदावर सही नको, न वाचलेल्या कागदावर नको. वाचायला वेळ मागावा, प्रत मागावी, दिलेल्या अर्जावर पोच घ्यावी. आमदाराच्या फोनने प्रकरण मिटवायच्या नादीही लागू नये. फोनने मिटलेले प्रकरण फोननेच पुन्हा उघडते आणि हातात कागद काहीच नसतो.

कॉलेजांकडे आमची मागणी साधी आहे. शिस्तीचे नियम, चौकशीची पद्धत आणि अपिलाची मुदत यांचे मराठीतले एक पान प्रवेशाच्या दिवशीच आईबापांच्या हातात द्यावे. नोटीस पोराला द्याल, तेव्हा तिची मराठी प्रत सोबत जोडावी. जिथे शिस्त खरी आहे, तिथे नियम सांगायला भीती कसली?

तोवर हे काम आपणच करू. जिल्हा बैठकीला येताना ज्यांची पोरे बाहेरगावी शिकतात त्यांनी प्रवेशाचे माहितीपत्रक आणि सही केलेल्या प्रतिज्ञापत्राची प्रत घेऊन यावे. तालुक्यातल्या शिकलेल्या दोन पोरांनी ते सर्वांना वाचून दाखवावे.