सुवर्णासन आणि राजमाता

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ ७ जानेवारी २०२५ रोजी नाना जेन ओपोकू-आग्येमांग या विदुषीने घेतली. त्या देशात या पदावर स्त्री येण्याची ही पहिलीच वेळ. तिचे कौतुक झाले ते योग्यच होय. परंतु घानातील स्त्रीला अधिकाराची ओळख आता कुठे होत आहे, असा समज कोणी करून घेईल तर तो साफ चुकीचा ठरेल.

तेथील अकान समाजात वंश आईकडून चालतो. (आमच्याच किनाऱ्यावर, दक्षिण कन्नडात, 'अळियसंतान' या नावाने अशीच चाल होती, तेव्हा ती आपणांस अगदीच परकी वाटू नये.) गादी रिकामी झाली की नव्या राजाचे नाव सुचविण्याचा अधिकार 'ओहेमा'चा, म्हणजे राजमातेचा. ती राजाची जन्मदात्रीच असते असे नव्हे. बहीण किंवा मावशीही असू शकते. राजाला चार लोकांत खडसावण्याचा हक्कही परंपरेने तिला दिला आहे. रॅट्रे या इंग्रज अधिकाऱ्याने १९२३ साली असांते लोकांवर ग्रंथ लिहिला. राजमातेचे हे महत्त्व आपल्याला इतकी वर्षे कसे कळले नाही, असे त्याने वृद्धांना विचारले. गोऱ्यांनी व्यवहार केला तो पुरुषांशी, आणि आम्हांला कधी विचारलेच नाही, असे उत्तर त्याला मिळाले.

हे अज्ञान इंग्रजांना त्याआधीच महाग पडले होते. असांते राजा प्रेंपे याला त्यांनी १८९६ मध्ये हद्दपार केले. मार्च १९०० मध्ये गव्हर्नर हॉजसन कुमासीस आला आणि सुवर्णासन आपणांस बसावयास का आणले नाही, असे जमलेल्या सरदारांना दरडावून विचारू लागला. त्या आसनावर राजासुद्धा बसत नाही! साऱ्या राष्ट्राचा प्राण त्यात वास करतो, अशी असांते लोकांची श्रद्धा आहे. सरदारांत चलबिचल होती. अशा वेळी एजिसूची राजमाता या असांतेवा युद्धास उभी राहिली. प्रेंपेबरोबर तिचा नातूही हद्दपार झाला होता. गव्हर्नर पत्नीसह किल्ल्यात कोंडला गेला. जूनमध्ये वेढ्यातून निसटून त्याला किनारा गाठावा लागला. पुढे ती पकडली गेली आणि १९२१ मध्ये सेशेल्स बेटांवर वारली. सुवर्णासन मात्र इंग्रजांच्या हाती लागले नाही. झाशीचे नाव ज्यांच्या ओठी आहे त्या मराठी वाचकांना याहून अधिक सांगावयास नको.

मैदानावरही या देशाच्या स्त्रिया मागे नाहीत. १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत ॲलिस ॲनम हिने शंभर व दोनशे मीटर या दोन्ही शर्यतींत रौप्यपदक मिळविले. दोन्ही वेळा तिच्यापुढे होती ती एकटी ऑस्ट्रेलियाची रेलीन बॉयल. २००५ साली हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत मार्गारेट सिम्प्सन हिने सात प्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये कांस्यपदक पटकावले.

सौंदर्यस्पर्धांविषयी आम्हांस फारसे प्रेम नाही, हे वाचक जाणतातच. २०१३ च्या विश्वसुंदरी स्पर्धेत घानाची तरुणी तिसरी आली, एवढ्याने आम्ही हुरळून जाणार नाही. पण १९५७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी, निवडलेली पहिली 'मिस घाना' मोनिका आमेकोआफिया ही ट्रान्स-व्होल्टा टोगोलँडची होती, आणि तो प्रदेश एक वर्षापूर्वीच सार्वमताने गोल्ड कोस्टशी जोडला गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मुकुटाचा राजकीय अर्थ ध्यानी येतो.

आमचा आक्षेप निराळाच आहे. मुकुट आणि पदक यांची छायाचित्रे छापली जातात. राजमातेच्या अधिकाराचे काय? १९९२ च्या घटनेने 'चीफ' या शब्दाच्या व्याख्येत राजमातेचा समावेश केला. तरीही राष्ट्रीय चीफ-सभेत बसण्याचा हक्क राजमातांना दीर्घकाळ नाकारला गेला. राजा निवडून देणारीलाच राजांच्या सभेत जागा नसावी, याला काय म्हणावे?

ओटुआम या मच्छीमार गावाने २००८ मध्ये पेगिलीन बार्टल्स या स्त्रीला राजमाता न करता थेट राजाच केले. त्या वेळी ती वॉशिंग्टनच्या घानाई वकिलातीत सचिवाचे काम करीत होती. दूर अमेरिकेत राहणारी बाई आपल्या मुठीत राहील, अशी गावच्या काही वडीलधाऱ्यांची अटकळ होती. तिने आल्या आल्या गावच्या पैशाचा हिशेब मागितला.