खालून वर वाचा!

द्विमान पद्धतीचा धडा ज्याने कुणी लिहिला, त्याला लहानपणी वाण्याकडे एकट्याला कधी पाठवलंच नसावं, असा माझा दाट संशय आहे. ‘संख्येला दोनने भागा, बाकी बाजूला लिहा, शेवटी सगळ्या बाक्या खालून वर वाचा.’ झालं! का खालून? वरून वाचलं तर आभाळ कोसळतं? पुस्तक सांगत नाही, मास्तर सांगत नाहीत. फारच खोदून विचारलं तर उत्तर मिळतं, “परीक्षेत तसंच करायचं असतं.” सत्यनारायणात भटजी म्हणतील तेव्हा पळीभर पाणी सोडावं, तसा पोरगा भागाकार सोडतो.

आणि हे शिकवायचं कुणाला? तर ज्यांच्या पणज्यांनी सोळा आण्यांच्या रुपयात अख्खे संसार रेटले, त्यांना!

अहो, तो रुपया म्हणजे द्विमान पद्धतच होती. रुपयाची निम्मी अधेली, अधेलीची निम्मी पावली, पावलीची निम्मी चवली, चवलीचा निम्मा आणा. १३ आणे द्यायचेत? अधेली हवी, पावली हवी, चवली नको, आणा हवा. ‘हवी’ला १, ‘नको’ला ०. आले ११०१! वाण्याच्या वजनांतही तोच प्रकार: शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक.

आता ४५ आणे घ्या आणि दोनने भागा. २२ चवल्या झाल्या, एक आणा उरला. २२ चवल्यांच्या ११ पावल्या, बाकी काही नाही. ११ पावल्यांच्या ५ अधेल्या, एक पावली उरली. ५ अधेल्यांचे २ रुपये, एक अधेली उरली. २ रुपयांची एक जोडी, बाकी शून्य. आणि ती जोडी शेवटी एकटीच. म्हणजे चिल्लर आधी बाजूला पडली, मोठी रक्कम शेवटी. पण बोलताना आपण मोठी आधी सांगतो. ‘तेरा आणे दोन रुपये’ असं कुणी शहाणा म्हणतो का? म्हणून खालून वर. १०११०१. एवढंच ते गुपित!

बरं, ‘दोन रुपये तेरा आणे’ ही तर चक्क षोडशमान संख्या. संगणकवाले तेराला ‘डी’ म्हणतात आणि ‘२डी’ लिहितात. त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे?

दशमानाशी माझं भांडण नाही. हिशेब सोपा झाला, कबूल. पण १ एप्रिल १९५७ रोजी (तारीखही काय निवडली!) रुपयाचे शंभर भाग झाले आणि आण्याला आले सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा आणायचा कुठून? मग सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९, चारचे २५. एकेक आण्याच्या तीन वस्तू तीन खेपांत घेतल्या तर १८, एका खेपेत घेतल्या तर १९! एका पद्धतीतून दुसरीत जाताना अपूर्णांक कसा आडवा येतो, हे त्या एका पैशाने जेवढं शिकवलं असतं, तेवढं पाठ्यपुस्तकाच्या चार पानांना जमत नाही.

पुढच्या आवृत्तीत तेवढं कोष्टक छापा. शेजारी अधेली, पावली, चवलीची चित्रं टाका. जागा कमी पडत असेल, तर ‘खालून वर वाचा’ ही ओळ खुशाल गाळा.