नोंद आमची, मग वही दुसऱ्याच्या कपाटात का?



पूर्वी उसाची नोंद गटाच्या वहीत असे. चिटबॉय बांधावर यायचा, लागणीची तारीख, जात, क्षेत्र लिहून घ्यायचा, आणि काही चुकलेच तर तिथल्या तिथे भांडायची सोय होती. आता नोंद मोबाईलवर आली. आमची हरकत नाही. तोडीची पाळी घरबसल्या कळते हे चांगलेच. पण ही नवी वही कोणाच्या कपाटात आहे, हे सभासदाने विचारले पाहिजे.

विचारायचे कारण घरचेच आहे. आमच्यापैकी काही जणांनी तीन हंगाम खत-पाणी, लागण, खोडवा यांचा हिशेब एका कंपनीच्या फुकट ॲपवर ठेवला. कंपनीने गाशा गुंडाळला. ॲप उघडेना, फोन कोणी उचलेना. कोणत्या तुकड्याला किती टनेज पडले ते आता आठवणीवर सांगायचे! तलाठी बदलून गेला तरी सातबारा जागेवर राहतो. इथे कंपनीबरोबर नोंदच गेली.

ई-मेलचे तसे होत नाही. तुमचा पत्ता एका कंपनीकडचा, पाव्हण्याचा दुसरीकडचा, तरी पत्र पोचते. कारण ते कसे पाठवायचे याचे नियम १९८२ पासून सर्वांना खुले आहेत, कोणा एका मालकाचे नाहीत. अशा नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. अलीकडे ब्लूस्काय हे गप्पांचे ॲप ‘एटी प्रोटोकॉल’वर उभे राहिले. तिथे माणसाच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या खात्यात राहतात, खाते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येते, आणि निरनिराळी ॲप तेच खाते वाचतात. म्हणून गप्पांपलीकडची कामेही त्यावर होऊ लागली: बुकहाइव्हवर वाचलेल्या पुस्तकांची नोंद, स्मोक सिग्नलवर कार्यक्रमांची निमंत्रणे.

मात्र हे जसेच्या तसे उसाला लावता येणार नाही. तिथल्या नोंदी मुळात सगळ्या जगाला दिसणाऱ्या. कोणाची उचल किती, बिलातून कपात किती, हे काय चावडीवर लावायचे?

आपल्याला जवळचे उदाहरण बंगळूरचे. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे रिक्षावाल्यांच्या युनियनला बरोबर घेऊन ‘नम्मा यात्री’ सुरू झाले, ‘बेकन’ नावाच्या खुल्या प्रोटोकॉलवर. गिऱ्हाईक भाडे थेट रिक्षावाल्याच्या हातात देते, मध्ये कमिशन नाही. पुढे ॲपच्या खर्चासाठी रोजचे २५ रुपये ठरले. दलाल गेला तरी खर्च राहतो, हे सहकारातल्या माणसाला सांगायला नको.

तेव्हा आमचे म्हणणे असे. कारखान्याने ॲप कोणाकडूनही करून घ्यावे. पण सभासदाची नोंद, काट्यावरचे वजन आणि बिले त्याला केव्हाही, दुसऱ्या ॲपला वाचता येतील अशा रूपात मिळतील, हे करारात लिहून घ्यावे. ठेकेदार बदलला तर सगळे नव्याकडे जशास तसे जावे. आणि नोंदीचे नियम शेजारच्या कारखान्यांशी बसून एकच ठरवावेत, कारण कित्येकांचा ऊस दोन ठिकाणी जातो. मग सभासदाने हो म्हटले तर माती परीक्षणवाला, ठिबकवाला, बँक त्याच नोंदीवरून काम करतील.

खरी अडचण इथेच आहे. उसाच्या पळवापळवीच्या दिवसांत, सभासदाला नोंद घेऊन सहज शेजारी जाता येईल अशी सोय कोणते संचालक मंडळ आपणहून करील? आम्हाला शंका आहे. पण सभासद केवळ वही अडकली म्हणून थांबणार असेल तर तो कारखान्याचा सभासद कसला, कुळच म्हणायचे!

येत्या वार्षिक सभेसाठी हा ठराव आम्ही लेखी देत आहोत. कागद गट ऑफिसात ठेवला आहे. सही करणाऱ्यांनी येताना आपला सभासद नंबर बरोबर आणावा.