कपाट चुकलेली पुस्तके

मराठी पुस्तकांच्या कोणत्याही बऱ्यापैकी दुकानात ‘अध्यात्म’ अशी पाटी लावलेले एक कपाट असते. सार्थ ज्ञानेश्वरी, गुरुचरित्र, स्तोत्रसंग्रह, योगावरची पुस्तके आणि मनःशांतीची हमी देणारे अनुवाद तिथे दाटीवाटीने उभे असतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तिथे सापडत नाहीत. धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ मिळालेच तर आत्मचरित्रांत मिळते. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हवे असेल तर एखादे जुने ग्रंथालय गाठावे लागते.

विक्रेत्यांबद्दल माझी तक्रार नाही. ही वाटणी आपण वाचकांनीच करून ठेवली आहे. ज्यांनी श्रद्धा बदलली किंवा तपासून घेतली, त्यांना आपण विनोदी लेखिका, पाली पंडित, आद्य कादंबरीकार म्हणून डोक्यावर घेतले. ज्या प्रश्नापायी त्यांनी घरदार पणाला लावले, तो प्रश्न मात्र सभ्यपणे वगळला. धर्मविचाराची मराठीतली अव्वल पुस्तके आपण धर्मविचार सोडून बाकी सगळ्यासाठी वाचतो.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आली. तिची भाषा आणि तिच्यातली स्वतःवरच हसण्याची हातोटी यांचे कौतुक करून मराठी समीक्षा थकलेली नाही, आणि ते योग्यच आहे. पण पुस्तकाचा कणा कोणता? पुस्तक उघडते ते वडिलांच्या सोवळ्याने. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात येऊ न देणारा हा माणूस सुरुवातीला हसवतो आणि हळूहळू भीती घालतो. पुढे नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतो. लक्ष्मीबाई त्यात सहभागी नाहीत. त्यांच्या वाट्याला येतो तो नातेवाइकांचा आकांत आणि जिवंत नवऱ्यापासूनचा दुरावा. काही वर्षांनी दोघे पुन्हा जवळ येतात, तेव्हाही सोवळे सुटलेले नसते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. आणि मग एका प्रवासात त्यांच्या मनात विचार येतो, की माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नसावा, माणसानेच केला असावा. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे घेऊ लागतात. बाप्तिस्मा पुढची गोष्ट.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. धर्मांतरावर बोलणाऱ्यांपैकी एकाला आमिष दिसते, दुसऱ्याला साक्षात्कार. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात दोन्ही नाही. तिथे एक बाई आधी आपल्या चुलीपाशी नैतिक निर्णय घेते आणि धर्म त्या निर्णयामागून येतो. नवऱ्याच्या दबावाने ती बदलत नाही. उलट त्याच्याशी वर्षानुवर्षे भांडून, आपल्याच युक्तिवादाने पोचते. त्यातला विनोद तेवढा वेचून पुढे जाणे म्हणजे भूपाळी ऐकून कीर्तनातून उठण्यासारखे आहे.

या पुस्तकाशेजारी ‘अरुणोदय’ ठेवले की फरक लगेच कळतो. बाबा पदमनजी बेळगावच्या कासार कुटुंबातले. १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, म्हणून मराठी कादंबरीच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या पानावर असते. ‘अरुणोदय’मध्ये घरची व्रतवैकल्ये, मिशनशाळा आणि जातिभेद न मानणाऱ्या गुप्त परमहंस सभेचा मुंबईतला वावर असा मोलाचा ऐवज आहे. पण उजाडणार कोणत्या दिशेला, हे नावातच सांगून टाकले आहे. प्रत्येक प्रसंग त्या दिशेला मान वळवतो. प्रचारासाठी लिहिलेल्या आत्मकथनाची ही मर्यादा आहे, आणि ती कोणत्या एका धर्माची नाही. आपल्याकडची कित्येक गुरुचरित्रे याच साच्यातली आहेत. शिष्याला शंका येते ती गुरूने फेडावी म्हणूनच. खरी शंका लेखकाच्या सोयीने येत नाही.

खरी शंका पाहायची असेल तर पंडिता रमाबाईंची पत्रे वाचावीत. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडच्या सनातन्यांनी त्याला शरणागती ठरवले. पत्रांत दिसते ते उलटेच. सिस्टर जेराल्डिन या आपल्या धर्ममातेशी त्या त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घालतात, शाकाहार सोडत नाहीत, आणि पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशप म्हणतात तेव्हा तेही मुकाट्याने ऐकत नाहीत. शास्त्र्यांना विचारलेले प्रश्न त्यांनी चर्चलाही विचारले. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने आला. रमाबाई समाजसुधारक म्हणून आपल्याला पाठ आहेत. ख्रिस्ती धर्मशास्त्राशी झुंजणारी विचारवंत म्हणून त्यांची आपल्याला ओळखही नाही.

कोसंबींची वाट आणखी वळणांची आहे. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण ‘बालबोध’ मासिकात बुद्धाविषयी वाचतो आणि १८९९ च्या अखेरीस बायको व तान्ह्या मुलीला मागे ठेवून निघतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ. मग कोलंबोचे विद्योदय विद्यालय, ब्रह्मदेश. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकलेला हा माणूस पुढे बौद्ध भिक्षूचे चीवर घालतो, काही वर्षांनी ते उतरवतो आणि १९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डला जातो. त्याआधी सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये दिले होते. अट अशी, की वर्षाला एक पुस्तक मराठीत लिहावे. आजच्या कोणत्या संस्थेला असली अट सुचेल?

१९२४ चे ‘निवेदन’ मला आवडते ते त्याच्या कोरडेपणामुळे. साधूंचा पोकळपणा, स्वतःची भूक, नेपाळात पदरी आलेली निराशा हे सगळे कोसंबी एकाच स्वरात सांगतात. कुठेही प्रभावळ नाही. उणीव दाखवायचीच तर घरी राहिलेल्या पत्नी बाळाबाईंची बाजू तिथे पुरेशी येत नाही. सिद्धार्थापासून चालत आलेली ही उणीव आहे. निघून जाणाऱ्याचे पुस्तक होते, मागे राहिलेलीचे होत नाही. म्हणून तर ‘स्मृतिचित्रे’ एकमेव ठरते. तिथे मागे राहिलेलीने लेखणी उचलली.

पुढे ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात कोसंबींनी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून झालेल्या वैराग्याची कथा बाजूला सारली आणि गृहत्यागामागे शाक्य व कोलिय या शेजारी कुळांतला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पाहिला. १९५७ मध्ये आलेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरही पारंपरिक कथा नाकारून शाक्य-कोलियांच्या याच तंट्यापाशी येतात. एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राला तोवर म्हातारा माणूस दिसलाच नसेल का, हा त्यांचा साधा प्रश्न. या ग्रंथाच्या अप्रकाशित राहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी शाळकरी वयात भेट दिलेल्या बुद्धचरित्राची आठवण नोंदवली आहे. मराठीतल्या एका चरित्राने लावलेले बी दीक्षाभूमीपर्यंत पोचले. तरीही बाबासाहेबांचा हा ग्रंथ अनुयायांखेरीज इतरांच्या घरात किती दिसतो? एकीकडे तो पूजेत आहे, दुसरीकडे बेदखल. श्रद्धा तपासा म्हणणाऱ्या ग्रंथाच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी न वाचले जाणे यावे, हे दुर्दैव आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. आजच्या तापलेल्या हवेत धर्मांतराचा विषय काढला की पुस्तक राहते बाजूला आणि छावण्या उभ्या राहतात. त्यापेक्षा ही पुस्तके साहित्य म्हणून सर्वांची राहिलेली काय वाईट? मला वाटते, हवा तापलेली आहे म्हणूनच ती उघडपणे धर्माची पुस्तके म्हणून वाचली पाहिजेत. कारण ती कोणत्याच छावणीच्या कामाची नाहीत. ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, पण १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसले आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. कोसंबींनी प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराविषयी लिहून अनेक जैनांचा रोष ओढवून घेतला. तेच कोसंबी अखेर पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर पुस्तक लिहून ठेवतात आणि १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला जैन परंपरेप्रमाणे अन्नत्याग करून देह ठेवतात. अशा माणसांना कोणत्या रकान्यात भरणार?

शिवाय या लेखकांनी जुना धर्म टाकताना त्याची भाषा टाकली नाही. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीला अभंग लागला, कोसंबींच्या बुद्धाला मराठी गद्य लागले. श्रद्धा बदलल्याने माणूस परका होतो, हा समज खोडायला याहून सबळ पुरावा कोणता हवा?

तेव्हा सूचना साधी आहे. गावोगावच्या वाचनालयांत भिशीसारखी नेमाने भरणारी वाचकमंडळे आहेत. त्यांनी एक वर्ष ‘स्मृतिचित्रे’, ‘निवेदन’ आणि ‘द बुद्ध अँड हिज धम्म’चा मराठी अनुवाद सलग घ्यावा. शैलीवर एकच बैठक द्यावी. उरलेल्या बैठकांत लेखकाने काय सोडले, कशासाठी सोडले, त्याची किंमत घरातल्या कोणी मोजली आणि त्याचे म्हणणे आपल्याला पटते का, एवढेच बोलावे. वाद होतील. काही सभासद येणे बंद करतील. पण जे येत राहतील, त्यांना दुसऱ्याच्या श्रद्धेशी असहमत होतानाही तिचा अपमान न करता बोलता येऊ लागेल, आणि ही कला सध्या आपल्याकडे कोणतीच शाळा शिकवत नाही.